लेकुरवाळी मुशी

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व तीरावर कोपरखैरणे नावाचे जे उपनगर आज उंच इमारतींनी गजबजले आहे, तेथे साठ वर्षांपूर्वी शेती आणि मासेमारी यांवर जगणारी आगरी-कोळ्यांची लहान लहान गावे होती. १९७० साली सिडको ही संस्था स्थापन झाली, नव्या मुंबईची आखणी झाली आणि जुन्या गावांच्या भोवती सेक्टरांचे क्रमांक उभे राहिले. तथापि सकाळी बाजारात टोपली मांडून बसणारी कोळीण तेथून गेलेली नाही. आणि तिच्या टोपलीत बोंबील, मांदेली, कोळंबी यांच्या शेजारी राखी रंगाची, चपट्या नाकाची, जेमतेम हातभर लांबीची एक मासळी पुष्कळदा पाहावयास मिळते. मुंबईकडे तिला मुशी म्हणतात; दक्षिण कोकणात व गोव्यात तीच मोरी या नावाने ओळखली जाते.

अशी एखादी मुशी कोयत्याखाली गेली म्हणजे कधी कधी एक विलक्षण दृश्य दिसते. नव्याने मासळी घेऊ लागलेल्या गृहिणीला वाटत असते की, इतर माशांप्रमाणे हिच्याही पोटातून गाभोळी निघेल. परंतु गाभोळीच्या जागी बाहेर येतात ती बोटाएवढी, डोळे, पर, शेपटी असे सर्व अवयव असलेली पुरी पिल्ले. आणि प्रत्येक पिल्लाच्या छातीपाशी एक नाजूक दोरी लोंबत असते. ती दोरी म्हणजे नाळ. कोळणीला त्यात नवल वाटत नाही. तिने ती शेकडो वेळा पाहिलेली असते. गृहिणी मात्र थबकते. गाईम्हशींना नाळ असते, माणसाला असते. पण माशाला नाळ कशी? या एका प्रश्नाचे उत्तर शोधू गेले असता जीवशास्त्रातील एक फार मोठे आश्चर्य उघडकीस येते, आणि रोजच्या बाजारहाटाशी त्याचा निकटचा संबंध आहे असेही दिसून येते.

मुशी हे नाव लोकव्यवहारात लहान आकाराच्या अनेक शार्कांना लावले जाते. येथे जिचा विचार करावयाचा आहे ती जात शास्त्रात स्कोलिओडॉन लॅटिकॉडस या नावाने प्रसिद्ध आहे. योहानेस म्युलर आणि याकोब हेन्ले या दोघा जर्मन शास्त्रज्ञांनी १८३८ साली तिचे हे नामकरण केले. स्कोलिओडॉन म्हणजे वाकड्या दातांची आणि लॅटिकॉडस म्हणजे रुंद शेपटीची. महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकलेल्या भारतीयांच्या कित्येक पिढ्यांना हे नाव तोंडपाठ आहे. मेणाच्या तबकात टाचण्यांनी ताणून बसविलेली मुशी आणि तिच्या मेंदूपासून निघणाऱ्या मज्जातंतूंची आकृती, ही परीक्षेतील ठरलेली गोष्ट होती. लखनौच्या इझाबेला थोबर्न महाविद्यालयातील विदुषी ई. एम. तिल्लैयंपलम यांनी १९२८ साली या माशाच्या शरीररचनेवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला, आणि तेव्हापासून परदेशी माशांची वर्णने घोकण्याऐवजी भारतीय विद्यार्थी आपल्याच समुद्रातील मासा समोर ठेवून शिकू लागले. अलीकडे विच्छेदनाची ती प्रथा मागे पडली आहे. त्यामुळे मुशीची ओळख आता बहुतेकांना स्वयंपाकघरातच होते.

शार्क म्हटला की माणसाला फाडून खाणारे धूड डोळ्यांपुढे येते. मुशी त्या कल्पनेत मुळीच बसत नाही. तिची जास्तीत जास्त लांबी सुमारे ७४ सेंटिमीटर भरते, आणि बाजारात येणाऱ्या बहुतेक मुशा याहून पुष्कळच लहान असतात. वरून पाहिले असता तिचे मुस्कट गवंड्याच्या थापीसारखे रुंद, लांब आणि चपटे दिसते. पाठ करडी, किंचित कांस्याची झाक असलेली, पोट पांढरे. डोळे बारीक. छातीचे पर आखूड आणि रुंद. पाठीवरचा पहिला पर बराच मागे सरकलेला आणि दुसरा तर अगदीच चिमुकला. मानेच्या दोन्ही बाजूंस कल्ल्यांच्या पाच-पाच उघड्या फटी असतात. सुरमई-पापलेटाप्रमाणे त्यांवर झाकण नसते. अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरविला तर कातडी कानशीसारखी खरखरीत लागते, कारण तिच्यावर खवल्यांच्या जागी दातांसारख्याच घडणीचे सूक्ष्म काटे बसविलेले असतात. सांगाड्यात हाड म्हणून नाही, सगळा कूर्चेचा. म्हणूनच मुलाबाळांच्या ताटात मुशी निर्धास्तपणे वाढता येते.

तिच्या शरीरातील इतर योजनाही पाहण्यासारख्या आहेत. बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते व तिच्या आधारे ते पाण्यात तरंगतात. मुशीला ही पिशवी नाही. तिचे काम काही अंशी यकृत करते. ते मोठे आणि तेलाने भरलेले असते, व तेल पाण्याहून हलके असल्यामुळे शरीराचा भार कमी होतो. दुसऱ्या महायुद्धात युरोपातून कॉड माशाचे तेल येणे बंद पडले, तेव्हा मुंबई व मद्रास इलाख्यांत शार्कांच्या यकृताचे तेल काढण्याचे काम सुरू झाले, आणि ‘अ’ जीवनसत्त्वाने समृद्ध असे ते तेल देशातील रुग्णांच्या उपयोगी पडले. मुस्कटावर बारीक छिद्रे दिसतात, ती वासाची नव्हेत. इतर प्राण्यांच्या स्नायूंच्या हालचालींमुळे पाण्यात उत्पन्न होणारी अतिसूक्ष्म वीज त्यांच्या योगे मुशीला जाणवते. गढूळ पाण्यात, जेथे डोळ्यांचा उपयोग थोडा, तेथे चिखलात दडलेले भक्ष्य हुडकण्यास ही विद्युत्संवेदना कामी येते.

शिळ्या मुशीला जो उग्र दर्प येतो, त्याचेही कारण तिच्या शरीरधर्मात आहे. समुद्राचे पाणी अतिशय खारट. त्यात राहणाऱ्या प्राण्याच्या अंगातील पाणी बाहेर शोषले जाण्याचा धोका सदैव असतो. शार्कांनी यावर एक तोड काढली आहे. इतर प्राणी जो युरिया मूत्रावाटे टाकून देतात तो ते रक्तात व मांसात साठवून ठेवतात, आणि त्यायोगे शरीरातील द्रव समुद्राच्या बरोबरीचा दाट राखतात. मासा मेल्यावर जंतू या युरियाचा अमोनिया करतात, व त्याचाच वास नाकात जातो. ताजी मुशी घ्यावी, तत्काळ स्वच्छ धुवावी आणि कालवणात चिंच किंवा कोकम घालावे, ही कोकणी गृहिणींची रीत रसायनशास्त्राला धरूनच आहे. आंबटाने अमोनिया मारला जातो.

मुशीचे खरे घर म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्र. खोल निळ्या पाण्याची तिला ओढ नाही. नद्यांच्या मुखांजवळच्या पाण्यातही ती सापडते. मुंबईच्या आसपासचा गढूळ, चिखलतळाचा समुद्र तिला मानवतो, कारण तिचे अन्न तेथे विपुल आहे. मांदेलीसारखे लहान मासे, बोंबील, कोळंबी आणि माकूल यांवर ती निर्वाह करते. यातील कोळंबीसारख्या कितीतरी जीवांचे बालपण खाड्यांतील तिवरांच्या मुळाशी जाते. सुमारे २६ किलोमीटर लांबीच्या ठाणे खाडीला २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत स्थान मिळाले ते मुख्यतः रोहित पक्ष्यांच्या निवासामुळे. परंतु त्या चिखलाचे ऋण समुद्रातील मुशीवरही आहे. त्याच खाडीत ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याचे सांडपाणी कित्येक दशके उतरत आले, हेही येथे विसरता येत नाही.

आता नाळेच्या प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. माशांच्या सृष्टीत संततीविषयी सामान्य नियम असा की, अंडी अगणित घालावी आणि पुढचे दैवावर सोपवावे. पापलेट किंवा सुरमई यांच्या एकेका मादीच्या पोटात अंडी लाखांच्या संख्येने असतात. त्यांतील बहुतेक इतरांच्या मुखी जातात आणि थोडी तगतात. शार्कांचा मार्ग निराळा आहे. त्यांच्यात नराच्या मागील परांपाशी दोन दांडीसारखे अवयव असतात व गर्भधारणा मादीच्या शरीरातच होते. पुढे काही जाती चिवट कवचातील मोजकी मोठी अंडी तळाशी नेऊन ठेवतात. काही जाती बलकाने भरलेली अंडी पोटातच बाळगतात आणि पिल्ले त्या शिदोरीवर वाढून बाहेर येतात. आणि काही थोड्या जातींत आईच्या गर्भाशयाशी पिल्लाचा नाळेने संबंध जडतो.

या शेवटच्या प्रकाराची पहिली नोंद ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने केली. भूमध्य समुद्रातील एका गुळगुळीत कातडीच्या शार्कविषयी त्याने लिहिले की, हिची पिल्ले आईला नाळेने जोडलेली असतात. पुढे दोन हजार वर्षे विद्वानांना त्याचा नीटसा पडताळा आला नाही, व ती गोष्ट संशयास्पद ठरली. अखेर १८४२ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात तिची सत्यता निर्विवादपणे सिद्ध झाली. मौज अशी की, हे सिद्ध करणारा शास्त्रज्ञ तोच योहानेस म्युलर, ज्याने चारच वर्षांपूर्वी मुशीला नाव दिले होते. नाळ असलेल्या सर्व शार्कांत जिची नाळ श्रेष्ठ ठरावयाची होती ती जात त्याच्या हातून आधीच गेलेली होती.

मुशीचे श्रेष्ठत्व कशात आहे? नाळ असलेल्या इतर शार्कांतही अंड्यात बराच बलक असतो. पिल्लू प्रथम त्यावर वाढते, बलक संपत आला म्हणजे त्याची रिकामी पिशवी गर्भाशयाच्या भिंतीला चिकटते, व तेव्हा कोठे आईकडून पोषण मिळू लागते. मुशीचे अंडे मात्र अवघे एक मिलिमीटर व्यासाचे, मोहरीच्या दाण्याहूनही लहान असते. त्यात बलक जवळजवळ नसतोच. शिदोरी बांधून न देता आई पिल्लाला प्रारंभापासून आपल्या घरीच जेवावयास घालते, असे म्हटले तरी चालेल. गर्भ अवघा काही मिलिमीटर लांबीचा असतानाच त्याचा आईशी संबंध जडतो. गर्भाशयाच्या भिंतीतून रक्तवाहिन्यांनी भरलेला एक पेल्यासारखा भाग पुढे येतो, त्यात गर्भाची वार बसते, आणि दोघांची रक्ते एकमेकांत न मिसळता पातळ पडद्यांमधून अन्न व प्राणवायू यांची देवघेव चालते. नाळेवर केसांसारखे असंख्य तंतू फुटलेले असतात. प्रत्येक पिल्लासाठी गर्भाशयात स्वतंत्र दालन तयार होते. पाच-सहा महिन्यांनी १२ ते १५ सेंटिमीटर लांबीची, बहुधा ६ ते १८ पिल्ले जन्माला येतात, व जन्मल्या क्षणापासून स्वतःचे स्वतः पोट भरू लागतात.

या विषयाच्या अभ्यासात मुंबईचा वाटा मोठा आहे. मुंबई सरकारच्या मत्स्यखात्यातील एस. बी. सेटना व पी. एन. सारंगधर यांनी मुंबईच्या समुद्रात मिळणाऱ्या अशा शार्कांचे परिश्रमपूर्वक निरीक्षण केले आणि १९४८ साली कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या नियतकालिकात मुशीचे वर्णन, जीवनक्रम व गर्भाची वाढ यांवर विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. पुढे १९९३ साली जॉन वुर्म्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने नाळयुक्त जननाच्या सर्व प्रवृत्ती मुशीमध्ये पराकाष्ठेस पोहोचल्या आहेत, असा निष्कर्ष मांडला. सस्तन प्राण्यांशी मुशीचे जवळचे नाते नाही. त्यांची व तिची कुळे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच फुटून निघाली. तरीही दोघांनी आपापल्या वाटेने जाऊन अपत्यसंगोपनाची जवळजवळ तीच युक्ती गाठली. टोपलीतील स्वस्त मासळी म्हणून जिच्याकडे पाहिले जाते, तिच्या पोटात ही एवढी थोर कलाकृती दडलेली आहे.

परंतु या कलाकृतीची किंमत मुशीला मोजावी लागते. जिने अंडी लाखांनी घालावयाचे सोडून दिले, तिच्यापाशी गमावण्यास पिल्ले थोडीच. मुशीचे आयुष्य पाच-सहा वर्षांचे असते. एका वेतात सरासरी बारा पिल्ले आणि वर्षाकाठी एक वेत असे धरून हिशेब केला, तर पूर्ण आयुष्य लाभलेल्या मादीलाही साऱ्या जन्मात पन्नास-साठांहून अधिक पिल्ले होणे कठीण. सुरमईच्या एका गाभोळीशी हा आकडा ताडून पाहावा! शिवाय गाभण मुशी जाळ्यात आली की आईबरोबर सबंध वेत जाते. एक गोष्ट मात्र तिच्या पक्षी आहे. मोठ्या शार्कांना वयात येण्यास दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे लागतात. मुशी साधारण एक ते दोन वर्षांत वयात येते. म्हणून आजवरच्या मासेमारीत कितीतरी मोठ्या जाती क्षीण झाल्या तरी मुशी टिकून राहिली. तिला एवढे एक-दोन वर्षांचे बालपण मिळाले पाहिजे, इतकीच अट आहे.

नेमके तेच आज मिळेनासे झाले आहे. किनाऱ्यालगतचा जो समुद्र मुशीचे घर, त्याच समुद्रात डोल जाळी लागतात आणि ट्रॉलर तळ खरवडीत फिरतात. जाळ्याचे आस बारीक असले की वीतभराचीही नसलेली पिल्ले कोळंबीबरोबर ओढली जातात. जागतिक निसर्गसंवर्धन संघाने २०२० साली या जातीची गणना संकटाच्या उंबरठ्यावर आलेल्या जातींत केली. २०२२ साली पनामा येथे भरलेल्या परिषदेत मुशीचे सबंध कुळ आंतरराष्ट्रीय व्यापारावरील नियंत्रणाखाली आणले गेले. परंतु ते बंधन देशादेशांमधील व्यापाराचे, गावच्या बाजाराशी त्याचा संबंध नाही. पावसाळ्यातील मासेमारीबंदीचा लाभ मुशीला होतो, पण अपुरा. कारण तिची वीण एका ऋतूपुरती नसून वर्षभर चालू असते. जिचा विणीचा महिनाच ठरलेला नाही, तिचे रक्षण महिन्यांच्या हिशेबाने कसे व्हावे?

तेव्हा रक्षणाचे माप काळाचे नसून लांबीचे असावयास पाहिजे, आणि हे माप गृहिणीच्या हातातच आहे. मुशीची मादी सुमारे ३३ ते ३५ सेंटिमीटर लांब झाली म्हणजे वयात येते. एक वीत म्हणजे सुमारे २३ सेंटिमीटर. अर्थात दीड वितीहून आखूड असलेली मुशी ही बहुधा अद्याप एकदाही न व्यालेली मुशी होय. टोपलीवर हात आडवा धरून दीड वीत मोजण्यास तराजू लागत नाही की पुस्तक लागत नाही.

यावर कोळीबांधवांचा आक्षेप असतो, आणि तो रास्त आहे. जाळ्यातून वर आलेले पिल्लू बहुधा मेलेलेच असते. ते कोणी विकत घेतले नाही म्हणून जिवंत होत नाही. मासळीचा दुष्काळ त्यांनाही भेडसावतो आणि बोटीच्या डिझेलचा खर्च त्यांनाच भरावा लागतो. हे खरे असले तरी, जे विकले जाते तेच पुन्हा पकडले जाते हेही तितकेच खरे आहे. लहान मुशीला गिऱ्हाईक नाही असे दिसून आले, तर बारीक आसाचे जाळे ओढण्याचा मोह तेवढा कमी होईल. आणि वर्षभराने तीच मुशी मोठी होऊन त्याच कोळ्याला अधिक दाम देईल. यात कोळ्याचे नुकसान नाही. असलाच तर थोडा धीर धरण्याचा प्रश्न आहे.

या मासळीचा आणखी एक संबंध सांगितल्यावाचून तिचे वर्णन पुरे होत नाही. किनाऱ्यावरील घरांत बाळंतिणीला मुशीचे कालवण आवर्जून देतात. त्याने अंगावरचे दूध वाढते अशी समजूत आहे. पौष्टिक, पचावयास हलकी आणि काट्यांची भीती नसलेली मासळी म्हणून ही निवड समजण्यासारखी आहे. तथापि आजच्या काळात एक सावधगिरी बाळगणे इष्ट ठरते. कारखान्यांतून व कोळशाच्या धुरातून समुद्रात जाणारा पारा माशाकडून माशाकडे वाढत्या प्रमाणात साचत जातो, व शिकारी माशांत, विशेषतः वयाने व आकाराने मोठ्या शार्कांत, तो अधिक आढळतो. म्हणून अमेरिकेत गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना शार्क वर्ज्य करावयास सांगतात. लहान व अल्पायुषी मुशीची गोष्ट मोठ्या शार्कसारखी नसली, तरी ‘मुशी’ या नावाखाली मोठ्या शार्कचे तुकडेही विकले जातात. बाळंतिणीच्या ताटात काय वाढावे हे डॉक्टरांना विचारून ठरवावे, हेच शहाणपणाचे.

सकाळच्या वेळी कोपरखैरण्याच्या बाजारात कोळणीचा कोयता चालू असतो. कापलेल्या मुशीच्या पोटातून निघालेली ती नाळ आणि तिला जडलेली पिल्ले क्षणभर फळीवर दिसतात आणि पाण्याच्या धारेबरोबर नाहीशी होतात. पाहणाऱ्याला ती केवळ घाण वाटते. परंतु जिने मोहरीहून लहान अंड्यापासून पाच-सहा महिने आपल्या रक्तावर ती पिल्ले वाढविली, तिच्या दृष्टीने तेच तिचे सर्वस्व होते. मुशी खाऊ नये असे कोणी म्हणणार नाही. समुद्राकाठच्या माणसाने समुद्राचेच खावयाचे. फक्त टोपलीपुढे उभे राहून हात आडवा धरावा, दीड वीत भरते की नाही ते पाहावे, आणि न भरणारी मुशी मावशीला नम्रपणे परत करावी. लेकुरवाळीचे घर नांदते राहण्यास आज एवढी आठवणही उपयोगी पडेल.